बँजोवर सिंगल-स्ट्रिंगची द्रुत लय: तार बदलताना कोणते बोट?

महाराष्ट्रात बँजो म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतली बेंजो पार्टी उभी राहते. तो बेंजो म्हणजे टंकयंत्रासारख्या कळा असलेल्या बुलबुल तरंगाचे विजेवर वाजणारे रूप, आणि त्याची वादनपद्धती वेगळी आहे. येथे विचार करायचा आहे तो अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीतात वाजणाऱ्या पाच तारांच्या बँजोचा. तबल्याच्या पुडीसारखे ताणलेले कातडे, त्यावर टेकलेली लाकडी घोडी, पडदे बसवलेली लांब दांडी आणि उजव्या हाताच्या तीन बोटांत तीन नख्या असे त्याचे स्वरूप असते. एका नखीने वाजवायचा चार तारांचा टेनर बँजो आयर्लंडमध्ये लोकप्रिय आहे, पण त्याच्या उजव्या हाताचे तंत्र निराळे असल्यामुळे पुढील सूचना त्याला लागू पडणार नाहीत.

या वाद्याची तारांची रचना आपल्या भाषेत सांगितली की ती चटकन लक्षात राहते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जुळणीत पेटीवरची पांढरी पाच हा षड्ज धरला, तर सर्वांत जाड असलेली चौथी तार मंद्र पंचमात, तिसरी षड्जात, दुसरी गंधारात आणि सर्वांत पातळ पहिली तार मध्य सप्तकाच्या पंचमात लागते. पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्येच पाचव्या पडद्याजवळ असते आणि ती तार सप्तकातल्या षड्जात लागते. म्हणजे काम आणि स्वर या दोन्ही दृष्टींनी ती सतारीच्या चिकारीची, म्हणजे मधूनमधून मोकळी छेडायच्या षड्जाच्या तारेची, बहीण शोभते. वादकाच्या अंगठ्याला सर्वांत जवळची तार हीच आहे, आणि सिंगल-स्ट्रिंग वादनात, म्हणजे एकाच तारेवर अंगठा आणि तर्जनी आळीपाळीने चालवून सरळ तान काढण्याच्या पद्धतीत, नेमकी हीच तार बाजूला ठेवायची असते.

बँजोचे सर्वपरिचित वादन म्हणजे अर्ल स्क्रग्ज यांनी १९४५ च्या अखेरीपासून ब्लूग्रासचे प्रवर्तक बिल मन्रो यांच्या संचात वाजवून रूढ केलेली तीन बोटांची शैली. तिच्यात लागोपाठचे आघात सहसा वेगवेगळ्या तारांवर पडतात आणि चाल त्या झणत्कारातून वर येते. १९४८ मध्ये स्क्रग्ज संचातून बाहेर पडल्यावर त्यांच्या जागी आलेले डॉन रेनो हे उत्तम गिटारवादकही होते. गिटारवर एका नखीने जशा सरळ ताना निघतात तशा बँजोवर काढण्यासाठी त्यांनी अंगठा आणि तर्जनी आळीपाळीने एकाच तारेवर चालवली, आणि ब्लूग्रासमध्ये सिंगल-स्ट्रिंग शैली त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९६३ मध्ये त्याच मन्रो यांच्या संचात आलेल्या बिल कीथ यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मेलोडिक शैलीत सरगम सलग असते, पण शेजारचे दोन स्वर शक्यतो दोन वेगळ्या तारांवर घेतले जातात. मेलोडिक शैलीत स्वर एकमेकांत मिसळून घुमतात, मात्र मोकळ्या तारांवर अवलंबून असल्यामुळे ती काही ठरावीक स्वरांतच सुखाने वाजते. सिंगल-स्ट्रिंगमध्ये स्वर सुटे आणि टणटणीत निघतात आणि हाताची एकच बैठक दांडीवर कोठेही सरकवता येते. बँजोवादक बेला फ्लेक यांनी झाकिर हुसेन, बासवादक एडगर मेयर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबत २०२३ मध्ये जो ध्वनिसंग्रह केला, त्यात बासरीबरोबर बँजोची सरळ तान कशी चालते हे ऐकायला मिळते. हे तंत्र शिकू इच्छिणाऱ्याने तो ऐकावाच.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. या शैलीतला वेग बोटे किती जलद हलतात यावर फारसा अवलंबून नसतो. कोणताही निरोगी माणूस एका तारेवर अंगठा आणि तर्जनी काही आठवड्यांत पुरेशा गतीने चालवू शकतो. गाडी अडते ती एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एका क्षणावर खर्च केला आहे.

नख्या आणि हाताची बैठक

अंगठ्याची नखी बहुधा प्लॅस्टिकची आणि बोटांच्या नख्या धातूच्या असतात. दोन्हींचा नाद मुळातच वेगळा असतो, त्यात अंगठा जड, त्यामुळे काहीही न करता वाजवले तर एक आड एक स्वर ठळक आणि फिका ऐकू येतो. अंगठ्याची नखी सैल असेल तर ती द्रुत लयीत फिरते. ती गरम पाण्यात थोडा वेळ धरली की मऊ होते आणि अंगठ्याच्या मापाने दाबून बसवता येते. तर्जनीची नखी बोटाच्या टोकापलीकडे फार पुढे काढू नये, कारण जितकी ती लांब तितका तिचा तारेवरून सुटण्याचा वेळ जास्त. तिचे पाते तारेला सपाट लागले पाहिजे. कडेने लागले तर स्वराआधी खरखर ऐकू येते. घामाने नखी घसरणे हा आपल्या हवेतला नेहमीचा त्रास आहे, तेव्हा पावसाळ्यात मांडीवर एक कोरडे फडके ठेवावे आणि वाजवून झाल्यावर त्यानेच तारा पुसाव्यात, म्हणजे त्या गंजणार नाहीत.

अनामिका आणि करंगळी, किंवा त्यांतले एक बोट, घोडीच्या पुढे कातड्यावर हलके टेकवावे. हा टेकू आधारापुरता असावा. त्यावर भार पडू लागला की मनगट ताठरते आणि कातडे दाबले जाऊन नादही बसतो. घोडीजवळ तारा अधिक ताठ लागतात आणि नखी लवकर परत येते, म्हणून द्रुत लयीसाठी हात घोडीकडे ठेवणे सोयीचे, मात्र अगदी चिकटून वाजवले तर नाद पत्र्यासारखा येतो; दोन ते तीन बोटांचे अंतर बहुतेक वाद्यांवर ठीक बसते. तर्जनी मुळाच्या सांध्यातून हलवावी, तिचे टोक आत वळवून तार ओरबाडू नये. आघातानंतर नखी तारेपासून काही मिलिमीटरहून दूर गेली, तर तो सगळा प्रवास पुढच्या आघाताआधी परत करावा लागतो.

दा आणि रा

पुढील विवेचनासाठी सतारीचे बोल उसने घेतो: अंगठ्याचा खाली जाणारा आघात म्हणजे दा आणि तर्जनीचा वर येणारा आघात म्हणजे रा. सतारीवर हे दोन्ही बोल एकाच बोटातल्या नखीने निघतात आणि येथे दोन बोटांनी, एवढा फरक लक्षात ठेवला म्हणजे झाले. मध्यमेला सुरुवातीला रजा द्यावी.

पहिला अभ्यास तिसऱ्या मोकळ्या तारेवर करावा. मेट्रोनोम, म्हणजे लयीची टिकटिक देणारे यंत्र, मिनिटाला ६० मात्रांवर ठेवून आधी बराबरीत, मग दुगुनीत, मग चौगुनीत (मात्रेला एक, दोन आणि चार आघात) दा-रा-दा-रा वाजवावे. चौगुनीत हे सेकंदाला चार आघात होतात. डावा हात तारांवर हलका ठेवून त्या मुक्या केल्या की केवळ नखीचा टकटक आवाज राहतो आणि लयीतील वाकडेपणा निर्दयपणे उघडा पडतो. स्वर ऐकू येत असताना कान पुष्कळ चुका माफ करतो.

या टप्प्यावर जवळजवळ प्रत्येकाची लय लंगडते, म्हणजे दा लांब आणि रा आखूड होऊन टांग्याच्या घोड्याची चाल निघते. त्यावर उत्तम उतारा तिगुनीचा आहे. एका मात्रेत तीन आघात घेतले, तर पहिल्या मात्रेवर दा येतो, दुसरीवर रा, तिसरीवर पुन्हा दा: दा-रा-दा, रा-दा-रा. दर मात्रेचा पहिला आघात ठळक करायचा म्हटल्यावर तर्जनीला तितक्याच जोराने बोलावे लागते जितक्या जोराने अंगठा बोलतो, आणि दोघांची ताकद हळूहळू समान होते. रोज पाच मिनिटे केवळ इतकेच करावे. यात संगीत काही नाही, हे मान्य. पण पुढचे सगळे यावर उभे आहे.

तार बदलताना

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उजवा हात बँजोवर ठेवून पाहिले, तर अंगठा जाड तारांच्या बाजूला आणि तर्जनी पातळ तारांच्या बाजूला राहते. त्यामुळे लागोपाठच्या दोन आघातांत जाड तारेवर दा आणि तिच्या शेजारच्या पातळ तारेवर रा पडला, तर हात आपल्या स्वाभाविक आकारात राहतो, मग क्रम कोणताही असो. उलट जाड तारेवर रा आणि पातळ तारेवर दा पडला, तर अंगठ्याला तर्जनीला ओलांडून पलीकडे जावे लागते आणि दोन नख्या एकमेकींवर आपटण्याची शक्यता असते. पहिल्या प्रकाराला सुलटा बदल आणि दुसऱ्याला उलटा बदल म्हणू.

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी भूपाचे पाच स्वर घ्यावेत. राग मांडायचा नाही, केवळ स्वरसमूह म्हणून घ्यायचा आहे. पांढरी पाचचा षड्ज चौथ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर मिळतो आणि पुढील स्वर असे बसतात:

चौथी तार: सा पडदा ५, रे पडदा ७
तिसरी तार: ग पडदा ४, प पडदा ७
दुसरी तार: ध पडदा ५, सां पडदा ८
पहिली तार: रें पडदा ७, गं पडदा ९

प्रत्येक तारेवर नेमके दोन स्वर आले आहेत. आता सवयीप्रमाणे अंगठ्याने सुरुवात केली, तर सा दा, रे रा, आणि तार बदलताना चौथीवर रा तर तिसरीवर दा, म्हणजे उलटा बदल. पुढेही प्रत्येक ठिकाणी हेच घडते. एकही बदल सुलटा होत नाही.

आता फक्त सुरुवातीचे बोट बदलावे. तर्जनीने सा घ्यावा. सा रा, रे दा, ग रा, प दा, ध रा, सां दा. रे चौथ्या तारेवर दा आणि ग तिसऱ्या तारेवर रा, सुलटा. प तिसऱ्यावर दा आणि ध दुसऱ्यावर रा, सुलटा. वरच्या सां वरून न थांबता उतरले, तर ध रा, प दा, ग रा, रे दा, सा रा; आणि उतरतानाही दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना पातळ तारेवर रा आणि जाड तारेवर दा पडतो. म्हणजे संपूर्ण आरोह-अवरोहात एकही उलटा बदल नाही. स्वर तेच, लय तीच, बोटे तीच, आणि तरीही एक तान हाताला घट्ट अडकते व दुसरी लोण्यातून सुरी जावी तशी जाते. मी स्वतः कित्येक महिने अंगठ्याने सुरुवात करून आपला हातच मंद आहे अशी समजूत करून घेतली होती. कोणती सुरुवात कोठे सोयीची, हा हिशेब वाद्य हातात घेण्यापूर्वी कागदावर मांडता येतो, हे मला फार उशिरा सुचले.

या मांडणीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. शेजारच्या स्वरावरच जात राहिले, तर प्रत्येक स्वराला बोट कायमचे ठरून जाते: सा, ग, ध नेहमी तर्जनीने आणि रे, प, सां नेहमी अंगठ्याने. त्यामुळे सारेग, रेगप, गपध, पधसां हा अलंकार वाजवतानाही बोटे बदलत नाहीत, मात्र प्रत्येक तिकडीचा पहिला स्वर आळीपाळीने रा आणि दा होतो. वर सांगितलेला तिगुनीचा व्यायाम येथे आपोआप संगीतात शिरतो. ज्यांनी लहानपणी पेटीवर किंवा गाण्याच्या वर्गात अलंकार घोटले आहेत, त्यांना येथे बराच फायदा आहे, कारण त्यांच्या कानाला पुढचा स्वर माहीत असतो आणि त्यांचे लक्ष बोटांवर राहू शकते.

हा हिशेब दोन प्रसंगी मोडतो. एखादा स्वर वगळून उडी मारली, जसे सा नंतर थेट ग, किंवा एखादा स्वर लागोपाठ दोनदा घेतला, की दा आणि रा यांची जागा अदलाबदल होते आणि पुढचे सगळे बदल उलटे होऊ लागतात. तेव्हा आणखी एक उडी किंवा आणखी एक पुनरावृत्ती घालून गाडी रुळावर आणता येते. कसलेला वादक हे विचार न करता करतो. शिकणाऱ्याने तान लिहून प्रत्येक स्वराखाली दा किंवा रा लिहावा आणि उलटे बदल लाल पेन्सिलीने खुणावावेत. एका तानेत एक किंवा दोन लाल खुणा असतील तर काळजीचे कारण नाही. पाच असतील तर सुरुवातीचे बोट तरी बदलावे किंवा एखादा स्वर दुसऱ्या तारेवर शोधावा. बँजोवर मध्य सप्तकातले बरेच स्वर दोन किंवा तीन तारांवर मिळतात.

सातही शुद्ध स्वर घेतले की प्रश्न थोडा अवघड होतो. सा आणि रे वरच्याप्रमाणेच चौथ्या तारेवर, नंतर तिसऱ्या तारेवर ग पडदा ४, म पडदा ५, प पडदा ७, आणि दुसऱ्या तारेवर ध पडदा ५, नि पडदा ७, सां पडदा ८ अशी रचना होते. तिसऱ्या तारेवर तीन स्वर असल्यामुळे कोणत्याही बोटाने सुरुवात केली तरी आरोहात एक बदल उलटा राहतोच. अंगठ्याने सुरुवात केली तर तो रे आणि ग यांच्यामध्ये येतो, तर्जनीने केली तर प आणि ध यांच्यामध्ये. यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे एक आघात वाचवणे. तर्जनीने सुरुवात करून म अंगठ्याने वाजवावा आणि प साठी नखी न वापरता डाव्या करंगळीने सातवा पडदा जोराने ठोकावा. स्वर उमटतो, उजवा हात एका आघातापुरता मोकळा राहतो आणि ध तर्जनीने सुलटा मिळतो. सतारीतल्या कृंतनाचा, म्हणजे नव्या आघाताशिवाय डाव्या बोटांनी स्वर काढण्याचा, हा जवळचा नातेवाईक आहे. ठोकलेला स्वर थोडा मऊ येतो, म्हणून तो तानेच्या आतल्या बाजूला लपवावा. मात्रेच्या ठोक्यावर, समेवर तर नाहीच, येऊ देऊ नये.

तरीसुद्धा उलट्या बदलाला कायम टाळता येत नाही. त्याचा स्वतंत्र अभ्यास असा: तिसऱ्या तारेवर रा आणि दुसऱ्या तारेवर दा, एवढेच आळीपाळीने, अत्यंत विलंबित लयीत, दोन मिनिटे. अंगठा ताणून पलीकडे नेण्याऐवजी मनगटासह सगळा हात किंचित पातळ तारांकडे सरकवावा, म्हणजे नख्या आपटत नाहीत. पहिल्या तारेवर जेव्हा बरेच स्वर येतात तेव्हा अंगठ्याला तिथवर नेण्याऐवजी तर्जनी आणि मध्यमा यांची जोडी वापरणे अनेकांना सुखाचे वाटते, आणि मध्यमेची रजा येथे संपते.

डावा हात

डाव्या हाताचे नियम थोडे आहेत. वरच्या रचनेत तर्जनी चौथ्या पडद्यावर, मध्यमा पाचव्यावर, अनामिका सहाव्यावर आणि करंगळी सातव्यावर ठेवावी. दुसऱ्या तारेवर जाताना सगळा हात एक पडदा पुढे सरकतो, म्हणजे तर्जनी पाचव्यावर आणि करंगळी आठव्यावर येते. बोट पडद्याला लागून, त्याच्या किंचित मागे टेकवावे. पडद्यापासून लांब दाबले तर दुप्पट जोर लागतो आणि स्वर फडफडतो. पुढचा स्वर वाजेपर्यंत आधीचे बोट उचलू नये. बँजोच्या स्वराचा श्वास मुळात आखूड असतो, ताणलेले कातडे तारेची शक्ती झपाट्याने हवेत सोडते, आणि बोट घाईने उचलले तर दोन स्वरांमध्ये भोक पडते. द्रुत लयीत ऐकणाऱ्याला ते भोक वेगळे कळत नाही, पण तान तुटक वाटते आणि दोष मात्र उजव्या हातावर जातो.

हीच बैठक दोन पडदे वर सरकवली की षड्ज पांढरी सहावर येतो, आणखी दोन पडदे वर सरकवली की पांढरी सातवर. कोणतीही मोकळी तार वापरलेली नसल्यामुळे बोटांना काही नवे शिकावे लागत नाही. वरच्या बाजूला पडदे जवळजवळ असतात, म्हणून लहान पंजा असलेल्यांनी पहिला अभ्यास सातव्या ते दहाव्या पडद्यांच्या परिसरात केला तरी चालेल.

लय वाढवणे

ब्लूग्रासमधील जलद चालींसाठी मिनिटाला १२० मात्रांवर चौगुन, म्हणजे सेकंदाला आठ स्वर, हे पहिले खरे लक्ष्य धरावे. ६० वरून १२० वर पोहोचण्यासाठी दररोज दोन-दोन मात्रा वाढवत जाण्याची पद्धत सगळीकडे सांगितली जाते. माझ्या अनुभवात ती ८० ते ९० पर्यंत उपयोगी पडते आणि तेथे हात अडून बसतो, कारण विलंबित लयीत चालणारी मोठी हालचाल त्यापुढे शक्यच नसते आणि हळूहळू चढणाऱ्याला ती सोडून देण्याची गरज कधी भासत नाही. तेथे तुकड्यांची पद्धत घ्यावी. मेट्रोनोम थेट ११० किंवा १२० वर ठेवावा, एका मात्रेत केवळ चार स्वर वाजवून पुढच्या मात्रेच्या ठोक्यावर पाचव्या स्वरावर थांबावे, दोन मात्रा विश्रांती घेऊन हात सैल सोडावा आणि पुन्हा तेच करावे. चार स्वर कोणालाही जमतात. ते सैल हाताने जमू लागले की आठ स्वर आणि नवव्यावर थांबा, मग सोळा. तुकडा असा निवडावा की त्यात एक तरी तार-बदल येईल. एकाच तारेवरचा तुकडा जलद वाजवून स्वतःची समजूत घालण्यात अर्थ नाही.

मेट्रोनोमऐवजी तीनतालाचा ठेका लावून सरावाला बसले तर कंटाळा कमी येतो, शिवाय तान समेवर संपवण्याची सवय लागते. मात्र ठेका कानाला आधार देतो, त्यामुळे चूक लपते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कोरड्या टिकटिकीवर वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते निम्म्या गतीने ऐकावे. दोन हातांची गाठ नेमकी कोठे सुटते हे तेथे कळते. स्वराआधी बोथट टक असा आवाज येत असेल तर उजवा हात डाव्याच्या पुढे धावत आहे. स्वर दोनदा उमटल्यासारखा वाटत असेल तर डावे बोट आघातानंतर पडत आहे.

एका बैठकीत अर्धा तास पुरे. मनगटात किंवा कोपराकडे दुखू लागले तर त्या दिवशी वाद्य ठेवून द्यावे. शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो, कारण बंद खोलीतला बँजो दोन मजले ऐकू जातो. कातड्याच्या मागच्या बाजूला आत एक मऊ कापड दाबून बसवले, किंवा घोडीला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावला, की आवाज बराच उतरतो. चिमटा काढल्यावर वाद्य एकदम खणखणीत वाटते आणि हात नकळत जोर करू लागतो, म्हणून शेवटची पाच मिनिटे तरी उघड्या आवाजात वाजवावे.

पुन्हा पाचवी तार

सिंगल-स्ट्रिंगची तान स्वतंत्रपणे चांगली वाजली तरी ब्लूग्रासच्या चालीत ती बहुधा तीन बोटांच्या झणत्कारातून निघते आणि त्यातच परत मिसळते, आणि हा सांधा पुष्कळदा कच्चा राहतो. तानेचा शेवट तर्जनीवर होईल असे पाहिले तर अंगठा पाचव्या तारेसाठी मोकळा मिळतो. वरच्या भूपातल्या अवरोहात हे आयतेच घडलेले आहे: शेवटचा सा चौथ्या तारेवर तर्जनीने पडतो आणि लगेचचा दा अंगठ्याच्या खाली थांबलेल्या पाचव्या तारेवर, तार षड्जावर, चिकारीसारखा देता येतो. तो वाजत असताना डावा हात पडद्यांवरून सुटतो, आणि पुढचे आघात तिसऱ्या, दुसऱ्या व पहिल्या मोकळ्या तारांवर नेहमीच्या क्रमाने सुरू करता येतात.